काजळवाडीत कोण कुणाच्या घरात

सुदर्शनच्या विभागात खुर्च्या भरपूर होत्या, बसायला माणसं नव्हती. लातुरातल्या ज्या कॉलेजात तो समाजशास्त्र शिकवायचा, त्या कॉलेजच्या फाटकासमोरून सकाळपासून पोरापोरींचा लोंढा वाहायचा. पण तो सगळा क्लासकडे. फिजिक्सचे क्लास, केमिस्ट्रीचे क्लास, त्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. बी.ए.ला नाव घालायची ती ज्यांचं तिकडे जमलं नाही ती पोरं, आणि त्यातली निम्मी त्याच मेसमध्ये वाढप्याचं काम करायची. परीक्षेपुरतं तोंड दाखवायची. हजेरी घेताना सुदर्शनला रोज नव्याने ओशाळल्यासारखं व्हायचं. प्राचार्य भले गृहस्थ होते, ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "सर, वर्कलोड भरेना. विभाग ठेवायचा तर काहीतरी नवीन करा." काहीतरी नवीन करायचं सुदर्शनने मनावर घेतलं. घेतलं नसतं तर फार तर एक विभाग बंद पडला असता.

तो मूळचा काजळवाडीचा. औसा आणि निलंग्याच्या मधल्या काळ्या रानातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात भुईसपाट झालेलं एक छोटं गाव. भूकंप झाला तेव्हा सुदर्शन अकरावी सायन्सला होता, लातुरात खोली करून राहायचा, डॉक्टर व्हायला निघाला होता. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे निम्मं गाव उठलंच नाही. त्याचे वडील गेले. आई, तुळजाबाई, वाचली. आणि ती कशी वाचली हे गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरची मदत यायला अजून अवकाश होता. जे चारदोन धडधाकट उरले होते ते कुठे उकरावं म्हणून मातीच्या ढिगांवर नुसते सैरावैरा धावत होते. तेव्हा शेजारची बानो, बांगड्या भरणारी, घसा फाटेस्तोवर ओरडली, "तुळजाक्का माळवदाच्या खोलीत न्हाई, चुलीच्या भिंतीला झोपती! तिथं उकरा!" तिथं उकरलं आणि तुळजाबाई जिवंत निघाली. बानोचा स्वतःचा नवरा मात्र सापडला तो दुसऱ्या दिवशी. उकडतंय म्हणून त्याने त्या रात्री जागा बदलली होती, आणि बायकोला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून काजळवाडीत एक रीत पडली. कुणी नव्या जागेत राहायला गेलं की वास्तुशांत होवो न होवो, शेजाऱ्याला आत बोलवायचं, चहा पाजायचा आणि दाखवायचं: मी इथं झोपते, नातू माझ्याजवळ, सून-लेक तिकडं. जागा बदलली तर सकाळी अंगण झाडताना सांगून टाकायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे ऐकून हसू यायचं. गावातल्या कुणाला कधी आलं नाही.

आता अशा माणसांचं पुनर्वसन सरकारने कसं करावं? जमिनीच्या हिशोबाने. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, कमी असेल त्याला मधलं, भूमिहीनाला एका खोलीचं. मोठी घरं एका ओळीत, मधली दुसऱ्या ओळीत, लहान पार नाल्याच्या कडेला. सरळ रस्ते, काटकोनात वळणारे, शहराच्या वसाहतीसारखे. कागदावर फार देखणं गाव होतं ते. चाव्या वाटल्या त्या दिवशी तुळजाबाई सडकेजवळच्या मोठ्या घरात आली आणि बानो नाल्याकडच्या खोलीत गेली. मधे अख्खं गाव. तुळजाबाईने पहिल्याच संध्याकाळी फतवा काढला, "मला इथं झोप लागायची न्हाई. माझं इथं कोणाला काय ठावं हाय?"

तिच्या शेजारचं घर मिळालं होतं अण्णाराव पाटलांना. अण्णारावांना हवी होती त्यांच्या भावांची ओळ. तिथलं एक घर लिंबाजीच्या नावावर होतं. आणि लिंबाजीला घरच नको होतं. त्याची बायको-पोरं सगळी गेली होती. तो म्हणायचा, "एवढ्या मोठ्या घरात एकटा माणूस दिवसाबी भितंय. मला एखादी खोली द्या." मग काय, बसल्या बैठकीत ठरलं. बानो अण्णारावांच्या घरात आली, अण्णाराव लिंबाजीच्या घरात गेले, लिंबाजी बानोच्या खोलीत. ना कागद, ना शिक्का. नारळ फोडला, साखर वाटली, झालं. असंच निम्म्या गावाने केलं. सरकारने विस्कटलेलं गाव लोकांनी गुपचूप परत विणलं. घराचे कागद ज्याच्या नावाचे त्याच्या पेटीत पडून राहिले आणि माणसं दुसऱ्याच्या घरात सुखाने झोपू लागली. सरकारी माणूस कधी तपासणीला आलाच तर ज्याचं घर तो तेवढ्यापुरता येऊन उंबऱ्यात उभा राहायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काजळवाडीला कुणी शिकवायला नको होतं.

सुदर्शनने सायन्स सोडलं ते याच दिवसांत. शहरातून प्रश्नावल्या घेऊन आलेल्या अभ्यासकांना तो घरं दाखवत हिंडायचा. ते लोक कुणाच्या अंगणात बसून, समोरच्याचं ऐकून घेतात, लिहून घेतात, याची त्याला भुरळ पडली. दवाखान्यात बसून नाडी बघण्यापेक्षा हे मोठं काम आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. तुळजाबाईने एकदाच विचारलं, "ह्या शिक्षणानं काय हुतंय?" तो म्हणाला, "गाव कळतं." ती म्हणाली, "गाव तर आमालाबी कळतंय की," आणि फी भरायला पाटल्या मोडल्या.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, लातुरात फ्लॅट झाला. वीस वर्षं तीच ती टिपणं शिकवण्यात गेली. आणि मग हैदराबादच्या एका उजळणी वर्गात त्याने पहिल्यांदा जीआयएस बघितलं. भौगोलिक माहिती प्रणाली. पडद्यावर गावाचा नकाशा. त्यावर घरांचा एक थर, त्यावर पाण्याचा, त्यावर जातींचा, त्यावर नातेसंबंधांचा. हवा तो थर उचलायचा, हवा तो ठेवायचा. सुदर्शन पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण त्या दिवशी लहान मुलाने जत्रा बघावी तसा बघत राहिला. समाजशास्त्रात आपण 'सामाजिक अंतर' म्हणतो ते मोजून दाखवता येतं! कोण कुणाजवळ राहतो आणि कोण कुणाजवळ राहू इच्छितो, हे डोळ्यांनी दिसतं! परतीच्या गाडीत त्याने ठरवून टाकलं, हा विषय आपण बी.ए.च्या पोरांना शिकवायचा. कामाला लावणारं कौशल्य आहे म्हटल्यावर पोरं येतील, विभाग टिकेल. आणि पहिला नकाशा काजळवाडीचा.

भूगोलाच्या विभागप्रमुखांनी ऐकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "नकाशा हा आमचा विषय हो. तुम्ही माणसांना प्रश्न विचारा, रंग आम्ही भरतो." त्यांच्या प्रयोगशाळेतले संगणक मागायला सुदर्शन किती वेळा गेला, ते त्या संगणकांनाच ठाऊक. शेवटी प्राचार्यांच्या शब्दाखातर जुने दोन मिळाले, आणि फुकटचं एक सॉफ्टवेअर त्यावर रडतकढत चाललं. विद्यार्थी म्हणजे शिवगंगा. तशी नावं आणखी होती, पण वर्गात यायची ती एकटी. उदगीरकडची, हुशार, दोनदा नीटला बसून हात टेकलेली. तिला हातात धरायचं जीपीएसचं यंत्र आणि मोबाइलवरची प्रश्नावली दिली की ती उन्हातान्हाची पर्वा करायची नाही. आपल्यामागे हे कुणीतरी चालवील, एवढ्या एका आशेवर सुदर्शन त्या दोन वर्षांत तरुण झाला होता.

काजळवाडीने दारं सताड उघडली. गावचा पोरगा आहे, तुळजाबाईचा लेक आहे, त्याच्यापासून काय लपवायचं? कागदावर घर कुणाचं, राहतं कोण, इथं का आलात, शेजाऱ्याला तुम्ही कुठे झोपता ते माहीत आहे का. लोकांनी सगळं सांगितलं. बानोने तर शिवगंगाला बसवून घेऊन दोन्ही हात बांगड्यांनी भरले. "लिव्ह बाळा. अण्णारावचं घर हाय, पण माझ्या तुळजाक्काच्या भिंतीला भिंत लागून हाय, म्हणून माझं हाय." शिवगंगाने तसंच्या तसं लिहून घेतलं.

नकाशा तयार झाला तेव्हा सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. काटकोनातलं करडं गाव, आणि त्यावर कागदावरच्या घरापासून राहत्या घरापर्यंत ओढलेल्या लाल रेषा. शेकड्यांनी. सगळं गाव एकमेकांच्या ओढीने लाल झालेलं. शासनाने आखलेलं गाव आणि माणसांना हवं असलेलं गाव, एकाच कागदावर. नांदेडला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे हा एक नकाशा ठेवला की नवा पेपर मंजूर होणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

शिवगंगाने एकदा विचारलं, "सर, नावं काढू का? नुसते घर नंबर ठेवू?"

"नावं काढली तर तो भूगोल झाला," सुदर्शन म्हणाला. त्याला आपलंच वाक्य फार आवडलं. पुढे जे झालं ते बघता, आवडायला नको होतं.

त्याचं एक तत्त्व होतं. अभ्यासक येतात, माहिती घेऊन जातात, पुन्हा गावाला तोंड दाखवत नाहीत, याचा त्याला लहानपणापासून राग होता. गावाचं गावाला परत द्यायचं. म्हणून त्याने नकाशा फ्लेक्सवर छापायला टाकला. छापणारा पोऱ्या सवयीने विचारू लागला, "सर, टॉपर कोण हाय ह्यात? फोटो कुठं टाकायचा?" त्याच्या दुकानात चहूकडे डॉक्टर झालेली, होणारी, होऊ घातलेली पोरंच टांगलेली होती. तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मृतिदिनी, श्रद्धांजली झाल्यावर तो फ्लेक्स ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागला.

पहिले काही दिवस गावाची करमणूक झाली. बाया-माणसं, पोरंटोरं भिंतीपुढे गर्दी करायची. "आगं, आपल्या घराची दोरी बघ कुठवर गेली!" "हे तर मारुतीच्या मागं निघालं की." लाल रेषांना गावाने दोऱ्या नाव दिलं. ज्या म्हाताऱ्यांनी ही अदलाबदल ठरवली होती ते बरेच वर गेले होते. नव्या पोरांना आपण दुसऱ्याच्या घरात राहतो हे अर्धवटच माहीत होतं, आणि आपलं घर कुठलं हे तर अजिबातच नाही. ते आता त्यांना कळलं. हसणं हळूहळू कमी झालं. माणसं फ्लेक्सपुढे एकटीदुकटी येऊन बोटाने दोरी चाचपू लागली. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला, आणि तो फोटो लोह्याला पोचला.

लोह्याला सिद्धेश्वर राहायचा, लिंबाजीचा पुतण्या. लिंबाजी वारला तेव्हा तो दहाव्याला आला होता, नाल्याकडची खोली बघून नाक मुरडून गेला होता. काकाचं एवढंच काय ते, असं त्याला वाटलं होतं. आता त्याला कळलं की काकाच्या नावावर चांगलं तीन खोल्यांचं घर आहे आणि त्यात अण्णाराव पाटील राहतात. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा मुलगा लातुरात क्लासला होता, बायको मुलाला डबा करून घालायला तिथेच खोली घेऊन राहायची, शेत वाट्याने दिलेलं. अशा किती तरी घरांची तऱ्हा तीच होती. पोराला डॉक्टर करायचं म्हणजे काहीतरी विकावंच लागतं, आणि विकायला कागद लागतो. काकाच्या पेटीतला कागद त्याच्याकडे न वाचलेला पडून होता, आता घरही सापडलं.

ग्रामसभा भरली. सगळं गाव जमलं, कारण एक दोरी सुटली तर पुढच्या किती सुटणार हे आता सगळ्यांना भिंतीवर दिसत होतं. अण्णाराव मान खाली घालून बसले होते. तुळजाबाई आणि बानो एकमेकींना खेटून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

सिद्धेश्वर शांतपणे म्हणाला, "मी काही भांडण करायला आलो नाही. सरांनी नकाशा केला, त्याच्यात माझ्या काकाचं घर हे असं लिवलं. मला सर सांगतील ते कबूल."

सरपंच म्हणजे जुनं खोड. त्याला गाव वाचवायचं होतं. त्याने सुदर्शनकडे बघून वाट करून दिली, "सर, मशीनवर काढलेला नकाशा. मशीन हाय, चुकतंय कवाकवा. न्हाई का? एकदा सांगा, खरा का खोटा?"

सगळ्यांना त्याचं बोलणं कळलं. 'तपासून बघावं लागेल' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सिद्धेश्वर सरांच्या शब्दावर परत जायला तयार होता; त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, कारण अण्णारावांना घराबाहेर काढायची त्यालाही लाज वाटत होती. सुदर्शनने आईकडे बघितलं. मग फ्लेक्सकडे बघितलं. पुढच्याच आठवड्यात नांदेडला तो हाच नकाशा मांडणार होता. यंत्र घेऊन दारोदार हिंडलेली शिवगंगा मागे उभी होती. इतक्या वर्षांत एक काम त्याच्या हातून असं झालं होतं की ज्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

"नकाशा बरोबर आहे," तो म्हणाला.

 बानो एवढंच म्हणाली, "या अल्ला, पोरगं शिकून लई मोठं झालं," आणि त्यात टोमणा नव्हता, हे जास्त वाईट.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पण मारुती झाला तर निदान देव तरी होतो. इथे जे झालं त्याला देवाचं नाव देता येत नाही. सिद्धेश्वरने घर ताब्यात घेतलं आणि औशाच्या एका व्यापाऱ्याला विकलं. अण्णाराव उघड्यावर आले, त्यांना स्वतःच्या घरावाचून गत नव्हती. ते बानोच्या दाराशी येऊन पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शेवटी बानोच म्हणाली, "अण्णाराव, कवा खाली करू सांगा. तुमच्या तोंडून कशापाई वदवून घेऊ?" अण्णाराव हुंदका देऊन रडले. पण घर त्यांना लागतच होतं.

त्याच्यामागोमाग सगळ्याच दोऱ्या सुटल्या. ज्याला घराबाहेर काढलं तो आपल्या घरातल्याला काढायचा, तो पुढच्याला. कुणी पाया पडून, कुणी शिव्या देऊन, कुणी तहसिलातून नोटीस आणून. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे तर गावच फिरलं होतं. सुगीच्या दिवसांत बैलगाड्या सोयाबीनऐवजी ट्रंका आणि पलंग वाहत होत्या. कुणावर अन्याय झाला नाही. ज्याचं घर त्याला मिळालं. कोर्टात गेलं असतं तरी याहून रास्त निकाल लागला नसता.

बानो नाल्याकडच्या खोलीत गेली. लिंबाजी गेल्यापासून ती बंद होती. दाराला वाळवी, छताचा एक पत्रा उडालेला. सुदर्शनने लातुरातून पत्रा आणून दिला, माणूस लावून दार बसवून दिलं. आणखी तो काय करणार होता? बानोने रीतीप्रमाणे चहा ठेवला. पण दाखवायचं कुणाला? एका अंगाच्या घराला कुलूप होतं, ती माणसं पोरीच्या क्लासपायी लातुरात. दुसऱ्या अंगाला नुकतंच एक बिऱ्हाड उतरलं होतं, ते आपल्याच दुःखात. तेव्हा काठी टेकत टेकत तुळजाबाई अख्खं गाव ओलांडून आली. बानोने तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. "तुळजाक्का, मी इथं झोपती बघ. भिंतीकडं तोंड करून."

"बघितलं."

"पण तू लई लांब हायेस. तुला ऐकू यायचं न्हाई."

 चहा तसाच निवून गेला.

ते तिचं नाल्याकडचं एकच येणं. गुडघ्यांनी पुन्हा तेवढी वाट काही चालू दिली नाही. बानोलाही संधिवात, दोघी एकाच गावात असून निरोपावर राहू लागल्या. थंडी सरता सरता बानोची लेक सबिहा बिलोलीहून आली आणि आईला घेऊन गेली. जाताना रिक्षा तुळजाबाईच्या दारावरून वळवायला सांगितली होती म्हणे. पण बस चुकेल म्हणून रिक्षावाला सरळ सडकेला लागला. तुळजाबाई दारात उभीच होती.

इकडे नांदेडला काय झालं तेही सांगायला हवं. अभ्यास मंडळाने नकाशा बघून वाहवा केली. समाजशास्त्रात हे असं काम आपल्या भागात कुणी केलं नाही, असं अध्यक्ष म्हणाले. नवा पेपर ऐच्छिक म्हणून मंजूर झाला. पहिल्या वर्षी तो कुणीच घेतला नाही. दुसऱ्या वर्षी भूगोल विभागाने आपले संगणक परत मागितले. शिवगंगाला मात्र या शिक्षणावर नोकरी लागली. एका क्लासवाल्याने तिला ठेवून घेतलं. कुठल्या गावातून किती पोरं येतात, कुठल्या बसथांब्यावर बोर्ड लावावा, याचे ती नकाशे करते. फार छान करते. पगार सुदर्शनच्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

मंडळाने जाता जाता एक सूचना केली होती: काही काळाने त्याच गावाचं पुन्हा सर्वेक्षण करा, तुलनात्मक अभ्यास होईल. सुदर्शन टाळत होता. पण विभागाचं मूल्यमापन आलं, प्राचार्यांनी विचारलं, आणि एका रविवारी सुट्टी असलेल्या शिवगंगाला घेऊन तो काजळवाडीला गेला. प्रश्नावली तीच.

लोक आता उभ्या उभ्या बोलले. घर कुणाच्या नावावर? माझ्या. राहतं कोण? मीच. शेजाऱ्याला तुम्ही कुठे झोपता ते माहीत आहे का? ह्या प्रश्नाला एकाने उलट विचारलं, "त्याला कशाला पाहिजे?" शिवगंगा माहिती भरत गेली तसा टॅबवर नकाशा तयार होत गेला. करडं गाव, सरळ रस्ते, काटकोन. एकही रेषा नाही. सुरुवातीला सरकारी कचेरीत जो देखणा नकाशा निघाला होता, तो आता जमिनीवर हुबेहूब उतरला होता. शिवगंगाने एकदा सरांकडे बघितलं आणि मग पुन्हा बघितलं नाही.

शेवटी तुळजाबाईचं घर राहिलं. शेजारी अण्णाराव राहत होते. ते सुदर्शनला बघून आत गेले. तुळजाबाई उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. पूर्वी लेक आला की तिचा हात थांबायचा. आज थांबला नाही.

शिवगंगा तिच्याजवळ बसली. "आजी, ओळखलंत का? तेच प्रश्न आहेत मागचे. विचारू?"

तुळजाबाईने मान वर केली नाही. "पोरी, त्या सायबाला सांग, म्हातारी घरात न्हाई."

"आई," सुदर्शन म्हणाला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. "आई, मी आलोय."

तिने शेंगांचं सूप उचललं, गुडघ्यावर हात देत उठली, आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.

टॅबवर ते घर तसंच सोडून पुढे जाता येईना. पर्याय निवडल्याशिवाय सर्वेक्षण पूर्ण होत नव्हतं. शिवगंगाने खालच्या आवाजात विचारलं, "सर, काय टाकू? माहिती देण्यास नकार, असं टाकू का?"

आतून भांडी सरकवल्याचा, मग चूल फुंकल्याचा आवाज येत होता. धूर दाराच्या फटीतून बाहेर यायला लागला होता. 

"घर बंद टाक," तो म्हणाला.